रादिक्किओचा जुलै

पहाटे ५.३०

जुलैच्या मध्याला इटलीतल्या त्रेविझोत साडेपाचच्या पुढेमागे सूर्य उगवतो आणि नऊ वाजले की माती हाताला चटका देऊ लागते. वाकून करायची कामं तेवढ्यात उरकायची, राहिली तर थेट संध्याकाळी. आठवडाभर नोकरी असते, त्यामुळे बागेचा खरा दिवस शनिवार. मी गमबूट चढवून मागच्या दाराने बाहेर येते तेव्हा शेजारचे आजोबा पाटाच्या काठावर विळा चालवत असतात. (तोंडावर मी त्यांना सिन्योर म्हणते. आजोबा ते आईशी फोनवर बोलता बोलता झाले.)

ते कापतात ती रानचिकोरी. इथे ती रस्त्याकडेला, रुळांलगत, कुठेही उगवते. तिची निळी फुलं पहाटे उमलतात आणि ऊन तापलं की दुपारपर्यंत मिटतात. एक फूल एकाच दिवसाचं. म्हणून तिला आडवं करायचं तर उमलायच्या आत. कारण आमच्या दोघांच्या कुंपणालगत गेल्या हिवाळ्यातल्या रादिक्किओची, म्हणजे लागवडीच्या लाल चिकोरीची, निवडक झाडं बियाण्यासाठी राखली आहेत. हिवाळ्यात तळहाताएवढा असलेला तो लालबुंद गड्डा आता छातीइतका उंच, काटकुळा झालाय आणि त्यालाही तीच निळी फुलं लागली आहेत. दोघींची जात एकच, सिकोरियम इंटिबस. झाडाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो, आणि मधमाशीला बागेतली कोण नि पाटावरची कोण याच्याशी काही देणंघेणं नसतं. रानटीचा पराग आला की पुढच्या वर्षीच्या लाल ओळीत हिरवी, लवदार पानांची, गड्डा न धरणारी रोपं डोकावतात.

मधमाशी एक-दोन किलोमीटर सहज जाते. एवढासा काठ साफ करून काय होणार, असं मी त्यांना विचारलं होतं. “पलीकडची पलीकडच्यांनी कापावी,” म्हणाले आणि पुढे सरकले.

सकाळी ६

आधी गोगलगायी. इथल्या बिनशंखाच्या, तपकिरी, बोटाएवढ्या असतात आणि दव असेपर्यंतच उघड्यावर दिसतात. दुधी भोपळ्याच्या वेलाखाली ठेवलेली फळी उलटली की खाली जमलेल्या सापडतात. त्या उचलून बादलीत टाकल्या की मग वाफ्याकडे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेली ओळ आता तीन-चार पानांवर आहे. ही प्रेकोचे, म्हणजे त्रेविझोचा लवकर येणारा वाण; लांबट गड्डा शेतातच बांधून तयार होतो. आज तिची विरळणी. ओळीत रोपं अगदी खेटून उभी आहेत आणि शेवटी ठेवायचं आहे दर तीस सेंटिमीटरला एक. म्हणजे दहातली नऊ काढायची. नवशिक्यांचा हात इथेच थांबतो, आणि दाटीतली रोपं पुढे नुसती पानं पसरून बसतात, गड्डा धरत नाहीत.

कुठलं काढायचं हा प्रश्न मुळा-गाजरात नसतो. तिथे जे मजबूत ते ठेवायचं. रादिक्किओत तसं करून भागत नाही. परपरागी पीक असल्यामुळे एकाच झाडाच्या बियांतून निघालेली भावंडंही सारखी नसतात. एखादं रोप पानं उभी धरतं, एखादं जमिनीलगत पसरतं. कुणाच्या मधल्या शिरेवर आत्ताच लाली दिसते, कुणी कोबीसारखं गोल होऊ बघतं. सगळ्यात दांडगं, सगळ्यात हिरवंगार रोप बहुधा रानटी वळणाचं निघतं आणि नेमकं तेच ठेवावंसं वाटतं. मी गुडघ्यांवर बसून, डोकं खाली घालून, शिरेचा रंग बघत ओळ पुढे नेते. पानांवरून लाली ठरवता येत नाही, कारण पान उन्हाळ्यात हिरवंच असतं; खरा रंग थंडी सुरू झाल्यावर चढतो. आता दिसतो तो फक्त देठाच्या बुडाशी, तोही सगळ्यांत नाही.

या पिकाविषयी जे काही लिहिलं-बोललं जातं ते सगळं हिवाळ्याचं असतं. धुकं, हिमकण, झऱ्याचं पाणी, रिझोत्तो. मला विचाराल तर रादिक्किओ चांगला येणार की वाईट हे ठरतं ते जुलैत, आधी विरळणी करणाऱ्या हातात आणि मग पेरणीच्या तारखेत. नोव्हेंबरात उरतं ते फक्त निस्तरणं.

काढलेली रोपं पाण्याच्या टोपात जातात. त्यांचं काय करायचं ते दुपारी.

सकाळी ८.३०

आंघोळ, कॉफी, ब्रेड. कॉफीत चिकोरी नाही. चिकोरीचं भाजलेलं मूळ मला फिल्टर कॉफीच्या पुडीमुळे माहीत होतं. इटलीत युद्धकाळात कॉफी मिळेनाशी झाल्यावर लोक ते नुसतंच उकळून प्यायचे. आजोबांना अजून त्या वासाचा तिटकारा आहे.

सकाळी ९.१५

शेतीमालाच्या दुकानात. दुपारी साडेबाराला शटर पडतं ते चारपर्यंत उघडत नाही, आणि शनिवारी बाजाराचा दिवस, म्हणून लवकर. बियांच्या फिरत्या रॅकवर एक पूर्ण बाजू या एकाच भाजीची: किओज्जाचा गोल लाल, वेरोनाचा छोटा अंडाकृती, कास्तेलफ्रांकोचा पिवळसर पानावर लाल ठिपक्यांचा, गोरित्सियाचा गुलाबाच्या आकाराचा, आणि त्रेविझोचे दोन, लवकरचा प्रेकोचे आणि उशिराचा तार्दीवो. सगळी गावं एकमेकांपासून फार तर दोन-तीन तासांच्या अंतरावर आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. त्रेविझो आणि कास्तेलफ्रांकोच्या रादिक्किओला युरोपचं भौगोलिक मानांकन १९९६ साली मिळालं, किओज्जाला २००८ मध्ये, वेरोनाला २००९ मध्ये. घरच्या वाफ्यात आलेल्याला अर्थातच ते नाव लावता येत नाही. आम्हाला विकायचंही नसतं.

पुडीवर बघायच्या गोष्टी दोन. एक, कुठल्या वर्षाचं बी. जुनं बी जुलैच्या उष्णतेत फारच कमी उगवतं. दुसरी, संकरित की नाही. संकरित बियाण्याची ओळ एकसारखी येते, सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार होतात, आणि ट्रक भरणाऱ्याला तेच हवं असतं. घरी मात्र एकाच दिवशी चाळीस गड्डे घेऊन मी काय करू? साध्या वाणाची ओळ नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत मागेपुढे तयार होत राहते. ज्याला बाजार दोष म्हणतो त्यावर माझं स्वयंपाकघर चालतं. मी तार्दीवोची साधी पुडी घेते, पाच ग्रॅमची. एका ग्रॅममध्ये ६०० ते ७०० बिया भरतात, म्हणजे ही पुडी मला गरजेपेक्षा कितीतरी मोठी आहे. दुकानदारही दरवर्षी हसतो.

एक ओळ या पुडीची, एक आजोबांच्या बियाण्याची. इथल्या तार्दीवो पिकवणाऱ्या घरांत बी घरचंच असतं. हिवाळ्यातले सगळ्यात देखणे गड्डे न खाता बाजूला काढायचे, वसंतात पुन्हा मातीत रोवायचे, उन्हाळ्यात फुलू द्यायचे, आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबरात वाळलेली बोंडं चोळून बी काढायचं. आजोबांचं बी त्यांच्या सासऱ्यांकडून आलंय. जॅमच्या बरणीत असतं आणि बरणीवर वर्ष लिहिलेलं असतं. मला मिळतं ते चमचाभर, मोजून.

सकाळी १०.३०

आईचा फोन. तिकडे खानदेशात दुपारचे दोन वाजलेले असतात.

“काय करतेस?”

“विरळणी केली सकाळी.”

“आमच्याकडेपण तेच चाललंय. ज्वारीची झाली, कपाशीत नांग्या भरतायत. तुझी ती कडू भाजी ना? कारल्यापेक्षा कडू?”

“कारल्यापेक्षा कमी. मेथीपेक्षा जास्त.”

“मग लोक खातात कशाला?”

हा प्रश्न ती दर पावसाळ्यात विचारते, कर्टुली चिरता चिरता. कडूपणा येतो तो चिकोरीच्या चिकात असलेल्या लॅक्टुसिन वगैरे द्रव्यांमुळे. देठ मोडला की पांढरा चीक दिसतो तोच. उन्हात वाढलेलं पान सगळ्यात कडू. थंडीत आणि अंधारात तो उतरतो, पण पूर्ण जात नाही आणि जाऊही नये. आज पेरायचं म्हटल्यावर आईने पंचांग काढलं. आजोबाही चंद्र बघतात: पानांची पिकं उतरत्या चंद्रावर पेरायची, नाहीतर डेंगळे येतात. दोघांचं एकमत झालं की मला फार बरं वाटतं. माझा चंद्रावर विश्वास नाही. पण उतरता पंधरवडा ठरला की जुलैतली एक तारीख पक्की होते, आणि या पिकात तारीख पक्की होणं हेच मोठं काम आहे.

दुपारी १२.३०

विरळणीतली रोपं तीन पाण्यांतून धुतली. इथल्या वेनेतो प्रांतात या भाजीचं जुनं जेवण म्हणजे रादिक्किओ आणि राजमा: शिजवून घोटलेला गरम राजमा कच्च्या कडू पानांवर ओतायचा, वर तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे आणि व्हिनेगर. गरिबाघरचं जेवण, आता हॉटेलात महाग मिळतं. मी आमच्याकडचा घोळाणा करते. कोवळी पानं मुळासकट चिरायची, कांदा, हिरवी मिरची, दाण्याचा जाडसर कूट, मीठ, कच्चं तेल, लिंबू, आणि हाताने घोळायचं. मेथीचा करतात तसाच. कडू पानाला शेंगदाण्याचा गोडवा चरबीपेक्षा चांगला लागतो असं माझं ठाम मत आहे. वाटीभर घोळाणा कुंपणावरून पलीकडे गेला. वाटी धुऊन परत आली, निरोप काही नाही.

दुपारी २

बाहेर तेहेतीस अंश. अशा वेळी सगळ्यात गार जागा म्हणजे आजोबांचं तळघर, आणि तिथल्या सिमेंटच्या टाकीची गळती काढायला त्यांना दुसरा हात हवा आहे. टाकी आता कोरडी आहे. हिवाळ्यात तिच्यात तार्दीवो उभा राहतो.

पेरणीतली निम्मी काळजी कशासाठी घ्यायची ते या टाकीपाशी कळतं. नोव्हेंबरात किमान दोनदा दंव गोठून पडल्यावरच झाडं मुळांसकट उपटतात. तोपर्यंत बाहेरची पानं थंडीने लोळलेली, निम्मी कुजलेली असतात. त्यांच्या जुड्या बांधून मुळं पाण्यात उभी करायची, पाणी मुळाच्या मानेपर्यंत, पानांना लागू द्यायचं नाही, आणि वर अंधार. पाणी हवं वाहतं. त्रेविझो पट्ट्यात ते फुकट मिळतं: आल्प्सवरून उतरलेलं पाणी वरच्या पठारावरच्या गोट्यांत मुरतं, पुढे चिकणमाती आडवी आली की आपोआप वर उसळतं. सीले नदी अशाच झऱ्यांतून जन्मते, तिला डोंगरात उगमच नाही. हे पाणी बारा महिने ११ ते १४ अंशांवर राहतं, म्हणजे डिसेंबरात हवेपेक्षा उबदार. आजोबांच्या अंगणातल्या नळालाही तेच पाणी आपल्या जोराने येतं, पंप नाही. त्या उबेने मुळाला वाटतं वसंत आला. साठवलेली साखर खर्च करून ते नवा कोंब वर ढकलतं. अंधारात हिरवा रंग धरत नाही. मधली शीर पांढरीशुभ्र, कडेला वाइनचा लाल, पान कुरकुरीत आणि आत वळलेलं. दोन-तीन आठवड्यांनी बाहेरचा कुजका भाग सोलून टाकायचा, मूळ तासून टोकदार करायचं, की झाला तार्दीवो. उपटलेल्या वजनातलं बरंच काही कचऱ्यात जातं. महाग का, याचं उत्तर त्या कचऱ्यात आहे.

ही पद्धत कुणी काढली? शहरात सांगतात ती गोष्ट अशी की फ्रान्चेस्को व्हान डेन बोरे नावाचे बेल्जियन बागतज्ज्ञ १८६० च्या दशकात इथल्या एका व्हिलाची बाग आखायला आले आणि आपल्याकडची अंधारात भाजी वाढवायची रीत घेऊन आले. आजोबांना ती मान्य नाही. “गोठ्यात आपोआप झालं. बेल्जियम कशाला हवं?” पूर्वी हिवाळ्यात रादिक्किओ गुरांच्या गोठ्यात ठेवत, कारण घरातली सगळ्यात उबदार जागा तीच, रात्री सगळी माणसंही तिथेच जमून सूत कातत आणि गप्पा मारत. आजोबांच्या बाजूने बोलायचं तर कुजलेल्या झाडाच्या पोटात कोवळा कोंब सापडायला कुणी परदेशी यावा लागत नाही. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नोंदलेली आहे: १९०० च्या डिसेंबरात त्रेविझोच्या चौकात या एका भाजीचं पहिलं प्रदर्शन भरलं, ते भरवण्यात लोम्बार्दीहून आलेले कृषितज्ज्ञ ज्युसेप्पे बेन्झी यांचा पुढाकार होता, आणि प्रदर्शनाची परंपरा पुढे चालू राहिली.

टाकीत जे घडायचं ते मुळातल्या साठ्यावर. मूळ अंगठ्याएवढं जाड आणि सरळ हवं. ऑगस्टच्या मध्यानंतर पेरलं तर नोव्हेंबरात पेन्सिल हाती येते. अंधारात ती दोन पानं काढते आणि संपते. फार लवकर, एप्रिलमध्ये पेरलं तर दुसरंच संकट. चिकोरी दोन वर्षांची: पहिल्या वर्षी पानं आणि मूळ, मग थंडी, मग मोठ्या दिवसांत फूल. एप्रिलातल्या गार रात्रींनाच रोप हिवाळा समजतं आणि जूनमध्ये डेंगळा काढून मोकळं होतं. म्हणून तार्दीवोसाठी जून ते जुलैअखेर एवढीच फट. आम्ही तिच्या उत्तरार्धात आहोत.

सिमेंट भरून झालं. वाळेपर्यंत आजोबा तिथेच खुर्चीत झोपले.

संध्याकाळी ५

मोंतेल्लोच्या टेकडीवर काळं जमलंय. जुलैतल्या अशा ढगांतून इथे गारा पडतात आणि दहा मिनिटांत कोवळ्या पानांची चाळणी होते. सकाळी विरळलेल्या ओळीवर कमानी आणि जाळी टाकून टोकं विटांनी दाबली. गारा आल्या नाहीत. पावसाची एक सर येऊन गेली, माती दीड बोट भिजली. पेरणीला यापेक्षा चांगलं काही नाही, मात्र तासभर थांबायला हवं. चिकट मातीत ओढलेली रेघ वाळली की पापुद्रा धरते आणि कोंब त्याखाली गुदमरतो.

संध्याकाळी ७.३०

पेरणी. वाफा आठवड्यापूर्वीच खणून ठेवला होता, हातभर खोल, दगड वेचून, कारण वाटेत गोटा आला की मूळ फाटे फोडतं. याच कारणासाठी तार्दीवो मी ट्रेमध्ये रोपं करून लावत नाही. ट्रेतल्या रोपाचं सोटमूळ तळाला टेकून दुमडतं. गड्डा चांगला येतो, मूळ मात्र दाढीसारखं. शेतकरी सर्रास रोपं लावतात आणि त्यांना ते परवडतं, पण माझ्याकडे वेळ आहे आणि ओळी दोनच. ताजं शेणखत नाही. नत्र जास्त झालं की पान फुगतं आणि टाकीत पहिलं तेच सडतं. मागच्या पिकाला, वाटाण्याला, घातलेल्या कंपोस्टवरच हे भागवायचं.

दोन खुंट्या, दोरी. दोरीलगत काठीने रेघ, अर्धा सेंटिमीटर, त्याहून खोल नाही. बी कोनाकोनाचं, फिकट तपकिरी, तिळाहून बारीक; चिमटीतून एकदम सांडतं. म्हणून मूठभर कोरड्या वाळूत मिसळून सोडायचं. वर चाळलेली माती, मग फळी ठेवून तिच्यावर उभं राहायचं, म्हणजे बी मातीला घट्ट चिकटतं. झारीने हलकं पाणी. शेवटी भिजवलेलं गोणपाट ओळीवर अंथरायचं. तीस अंशांच्या वर तापलेल्या मातीत हे बी नीट उगवत नाही. गोणपाटाखाली माती गार राहते, मुंग्यांनाही बी पळवायला सुचत नाही. जमेल तितकं दिवसात तीनदा ते ओलं करायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी खाली पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवस उशीर झाला की कोंब गोणपाटात गुंतून निघतात.

पुडीची ओळ डावीकडे, बरणीची उजवीकडे. आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. दोरी तिरकी आहे, एवढंच म्हणाले. होती.

रात्री १०

टॉर्च घेऊन पुन्हा गोगलगायी. पावसानंतर त्या दुपटीने येतात, त्यामुळे आज बादली जड झाली. मग वहीत: वाण, बियाण्याचं वर्ष, तारीख, सर येऊन गेली होती ही नोंद. डिसेंबरात कुठल्या ओळीची मुळं जाड निघाली ते याच्याशी ताडून बघता येतं. आजोबा वही ठेवत नाहीत आणि त्यांची मुळं माझ्या मुळांपेक्षा जाड असतात.

सोमवारपासून मी सकाळी पादोव्याच्या गाडीत असेन, म्हणजे गोणपाट ओलं ठेवायचं काम पलीकडे. मघाशी ते कबूल करताना त्यांनी अट घातली: दुपारच्या त्या पाल्यात जे भाजलेलं कुटून घातलं होतं, ते डब्यात भरून द्यायचं. पाला नाही दिला तरी चालेल.